घरातील मोबाइल व संगणक यांची राखण

पूर्वी शेतमालाचा पैसा बाजारातून रोख हाती येई आणि तो सांभाळण्याची रीत प्रत्येक घराला ठाऊक असे. आता आडतीची पट्टी झाली, की रक्कम बँकेतील खात्यात जमा होते. पीककर्ज, पीकविम्याची भरपाई, ठिबक संचाचे अनुदान, पीएम-किसान योजनेचे वर्षाकाठी ६,००० रुपये, हे सारे त्याच खात्यात येते. आणि त्या खात्याची किल्ली म्हणजे घरातील मोबाइल होय. हा मोबाइल दिवसा शेतकऱ्याच्या खिशात, सायंकाळी मुलांच्या हाती आणि रात्री उशाशी असतो. कांद्याच्या चाळीला ज्या घरी कुलूप आहे, त्याच घरी मोबाइलला मात्र कुलूप नसावे, ही विसंगती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम ध्यानात आणून द्यावयास हवी.

मोबाइल व संगणक यांच्या द्वारे होणाऱ्या चोरीस सायबर गुन्हा असे म्हणतात. नाव नवे असले तरी चोराच्या वाटा मोजक्याच आहेत. तो मालकाशी गोड बोलून किंवा त्यास घाबरवून किल्ली मागून घेतो. किंवा मालकाच्याच हाताने आपला हेर घरात ठेवून घेतो. अथवा कुंपण जेथे मोडले असेल तेथून आत शिरतो. यांपैकी तिसऱ्या वाटेची चर्चा फार होते. घरगुती वापरात मात्र पहिल्या दोन वाटांनीच कुटुंबे नागवली जातात, आणि या दोन्ही वाटा बंद करण्यास पैसा लागत नाही.

किडीप्रमाणे हा चोरही हंगाम पाहून येतो. पीएम-किसानचा हप्ता जवळ आला, की हप्त्याचे संदेश सुरू होतात; पीकविमा भरण्याच्या दिवसांत विम्याचे; शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी चालू असता त्या नोंदणीचे. ज्या सुमारास शेतकरी एखाद्या शासकीय निरोपाची वाट पाहत असतो, त्याच सुमारास बनावट निरोप खरा वाटतो. म्हणून कार्यकर्त्याने हंगामी सूचना देताना त्या त्या योजनेच्या खऱ्या पत्त्याबरोबर बनावट संदेशाचा नमुनाही सूचना फलकावर लावावा.

सुट्या पुडीतील ॲप

व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’, ‘वाहन चलान’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती उघडली, की मोबाइल एकदा सावध करतो: हे ॲप अनोळखी ठिकाणचे आहे, बसवू द्यावे काय? येथे होकार दिला, की पुढील सर्व अनर्थ ओढवतो.

अशा ॲपचे कार्य कसे चालते हे समजून घेणे अगत्याचे आहे. बसविले जाताच ते संदेश वाचण्याची परवानगी मागते. शेतकऱ्यास वाटते, नोंदणीसाठी हे लागतच असेल. ही परवानगी मिळाली, की बँकेकडून येणारा एकवेळचा परवलीचा आकडा, म्हणजे ओटीपी, शेतकऱ्याच्या नजरेस पडण्यापूर्वीच चोराकडे रवाना होतो. पुष्कळदा ते पडद्यावर एक नमुना अर्ज दाखवून खाते क्रमांक, कार्डाचा क्रमांक व पिनही भरून घेते. काही ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची परवानगी मागतात. ही सोय मुळात दृष्टिहीन व अपंग व्यक्तींसाठी आहे. ती ज्या ॲपला मिळते, ते पडद्यावरील मजकूर वाचू शकते आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबू शकते. नोंदणीच्या वा हप्त्याच्या ॲपला तिची मुळीच गरज नसते.

याहून एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मोबाइलमध्ये शिरलेले असे ॲप त्यातील नावांच्या यादीस तीच फाइल पुढे धाडू शकते. म्हणून ती फाइल अनोळखी माणसाकडूनच येईल असे नाही. सख्खा भाऊ, सोसायटीचे सचिव किंवा गावाच्या गटातील परिचित माणूस यांच्या नावानेही ती येते. “ओळखीच्याने पाठविले” हा पुरावा येथे निरुपयोगी आहे. ज्याच्या नावाने ती आली त्यास प्रत्यक्ष फोन करून विचारावे. बहुधा त्यास काहीच ठाऊक नसते.

बियाणे घेताना शेतकरी पिशवीवरील खूणचिठ्ठी व मोहोर पाहतो, पावती मागतो; सुट्या पुडीतील बियाणे घेत नाही. ॲपच्या बाबतीत हाच नेम पाळावा. ॲप केवळ मोबाइलमधील अधिकृत दुकानातून, म्हणजे प्ले स्टोअरमधून घ्यावे. तेथेही नामसाधर्म्याची फसवणूक होऊ शकते. यास्तव प्रकाशकाचे नाव वाचावे, आणि शक्य तेथे संबंधित खात्याच्या संकेतस्थळावरून त्या ॲपकडे जावे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप बसविणे’ असा विभाग असतो. त्यात व्हॉट्सॲप, ब्राउझर व फाइल उघडणारे ॲप या तिन्हींपुढील परवानगी बंद करून ठेवावी. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि ग्रामसभेच्या दिवशी चावडीवर बसून पन्नास मोबाइलांत करून देता येते.

असे ॲप एकदा बसलेच, तर प्रथम मोबाइलचा ‘विमान मोड’ चालू करावा आणि वायफाय बंद असल्याची खात्री करावी, म्हणजे संदेश बाहेर जाण्याची वाट बंद होते. त्यानंतर दुसऱ्याच्या मोबाइलवरून बँकेस कळवून खात्याचे ऑनलाइन व्यवहार थांबवावेत. मग सेटिंगमधील ॲपच्या यादीतून ते काढून टाकावे. काहींचे चिन्ह पडद्यावर दिसतही नाही. म्हणून यादीच पाहावी. निघत नसल्यास फोटो व नावे उतरवून घेऊन मोबाइल पूर्णपणे मूळ स्थितीत आणावा. पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या, निर्दोष मोबाइलवरून. त्याच मोबाइलवरून बदलल्यास नवी किल्लीही चोराच्याच हाती जाते.

पिन केव्हा लागतो?

यूपीआयची व्यवस्था २०१६ साली सुरू झाली व तिने छोट्या व्यवहारांची मोठी सोय झाली. तिच्यातील एक नियम पाठ असला, तर निम्मी भीती नाहीशी होते: पिन लागतो तो पैसे देताना अथवा खात्यातील शिल्लक पाहताना. पैसे घेताना पिन कधीही लागत नाही. त्याचप्रमाणे क्यूआर चौकट वाचावयाची ती पैसे देणाऱ्याने, घेणाऱ्याने नव्हे.

समजा, एका शेतकऱ्याने दुभती म्हैस विकण्याची जाहिरात मोबाइलवर दिली. त्यास फोन येतो. पलीकडील माणूस आपण लष्करात नोकरीस असल्याचे सांगतो, ओळखपत्राचे छायाचित्र धाडतो, भावाची घासाघीस करीत नाही आणि विसार म्हणून रक्कम पाठवितो असे म्हणून क्यूआर चौकट धाडतो. “ही वाचा, पिन टाका, रक्कम जमा होईल.” शेतकरी पिन टाकतो आणि रक्कम जमा होण्याऐवजी वजा होते. मग तो माणूस “चूक झाली, आता दोन्ही रकमा एकदम परत करतो” असे सांगून पुन्हा तीच कृती करावयास लावतो. म्हैस न पाहता, भाव न पाडता पैसे देण्यास उतावीळ झालेले गिऱ्हाइक कोणत्या बाजारात भेटते, एवढा विचार त्या क्षणी केला तरी पुरे.

रस्त्याकडेला द्राक्षे, कलिंगडे विकणाऱ्यांना याच्या उलट अनुभव येतो. गिऱ्हाइक पैसे दिल्याचा हिरवा पडदा दाखवून निघून जाते. तसा पडदा बनविणारी बनावट ॲप आहेत. दुसऱ्याच्या मोबाइलवरील पडदा म्हणजे पावती नव्हे. आपल्या खात्यात रक्कम आल्याचे आपल्याच मोबाइलवर पाहिल्यावाचून माल हलवू नये.

ओटीपी, पिन व कार्डामागील तीन आकडे बँकेचा अधिकारी विचारीत नाही, आणि कोणतेही शासकीय खाते ते दूरध्वनीवरून मागत नाही. अलीकडे ‘डिजिटल अटक’ या नावाने एक धमकी दिली जाते. गणवेशातील माणूस व्हिडिओवर येऊन, तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे, खोलीबाहेर पडू नका, कोणास सांगू नका, असे दटावून पैसे उकळतो. अशा प्रकारची अटक भारताच्या कायद्यात नाही. असा फोन खुशाल बंद करावा आणि घरातील माणसांस बोलवावे. ‘कोणास सांगू नका’ हे शब्द हीच या फसवणुकीची खूण समजावी.

खात्यांची विभागणी करणे हितावह ठरते. पीककर्जाचे व मालविक्रीचे पैसे एका खात्यात ठेवावेत. रोजच्या खर्चापुरती रक्कम दुसऱ्या छोट्या खात्यात ठेवून यूपीआय त्याच खात्याशी जोडावे. हा उपाय निर्दोष नाही, कारण मोबाइल क्रमांक एकच असल्यास सराईत चोर पहिल्या खात्यापर्यंतही पोहोचू शकतो. तरीपण घाईगर्दीत झालेल्या एका चुकीने वर्षाचा पैसा जाण्याचा धोका पुष्कळच कमी होतो. ज्या कार्डाचा ऑनलाइन उपयोग होत नाही, त्याचा तो उपयोग बँकेच्या ॲपमधून अथवा शाखेत सांगून बंद करवून घ्यावा.

पत्ता वाचण्याची रीत

संकेतस्थळाचे रूप हुबेहूब नकलता येते; पत्ता नकलता येत नाही. मात्र तो कसा वाचावा हे ठाऊक पाहिजे. सुरुवातीचे ‘एचटीटीपीएस’ व दोन तिरप्या रेघा सोडून द्याव्यात. त्यानंतर जी पहिली तिरपी रेघ येईल तेथे थांबावे आणि तेथून उजवीकडून डावीकडे वाचावे. पीएम-किसानचा खरा पत्ता ‘पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा होतो आणि हा शेवट केवळ शासकीय संस्थांनाच मिळतो. ‘पीएमकिसान-गव्ह-इन डॉट कॉम’ या पत्त्यात सारी परिचित अक्षरे आहेत, परंतु शेवट ‘कॉम’ आहे. ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने असाच उपाय योजला असून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘बँक डॉट इन’ या शेवटाखाली आणण्यास बँकांना सांगितले होते. पट्टीवरील कुलपाच्या चिन्हाने फसू नये. वाटेत मजकूर कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे चोर बसला असेल, तर त्याच्याकडेही तो सुरक्षितपणेच पोहोचतो.

शोधयंत्रावर बँकेचा किंवा खतकंपनीचा दूरध्वनी क्रमांक शोधू नये. वर येणारा पहिला क्रमांक चोराचा असू शकतो. पासबुकावर वा कार्डाच्या मागे छापलेला क्रमांकच वापरावा.

अंगठ्याचा ठसा

आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठा देऊन पैसे काढण्याची सोय खेड्यात फार उपयोगी पडली आहे. तीत पिन अथवा ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव व ठसा एवढे पुरते. हीच तिची सोय आणि हाच तिचा धोका. दस्तऐवजांवरील ठशांवरून बनावट ठसे तयार करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघडकीस आले आहेत. आधार प्राधिकरणाने २०२३ साली ठसा जिवंत बोटाचा आहे किंवा नाही हे पारखणारी सुधारित तपासणी सुरू केली. याखेरीज आधारच्या ॲपमधून वा संकेतस्थळावरून धारकास आपले ठसे कुलूपबंद करता येतात.

येथे तारतम्य पाहिजे. ठसे कुलूपबंद असता स्वस्त धान्याच्या दुकानातील यंत्रही ते स्वीकारणार नाही आणि ठशाने होणारी ई-केवायसीही अडेल. शिधापत्रिकेवरील अन्य सदस्य ठसा देऊन धान्य आणू शकत असतील, तर ज्याच्या खात्यात शेतीचा पैसा आहे त्याने आपले ठसे बंद ठेवावेत आणि गरजेपुरतेच उघडावेत. अंगठ्यावरच सर्वस्वी अवलंबून असलेल्या वृद्ध स्त्रीस मात्र हा उपाय सांगू नये. तिने एका वेळी एकदाच ठसा द्यावा, “ठसा जुळला नाही, पुन्हा द्या” असे सांगितल्यास पावती मागावी व महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावे.

आधारची प्रत देण्याची वेळ आल्यास शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत संकेतस्थळावरून काढता येते. जेथे चालेल तेथे तीच द्यावी. सेवा केंद्रात छपाईसाठी फाइल दिली असल्यास काम होताच आपल्या समक्ष पुसून घ्यावी, आणि संगणकावर उघडलेले आपले खाते बंद केल्याशिवाय खुर्ची सोडू नये.

पासवर्ड व मोबाइलचे कुलूप

मुलाचे नाव व जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड म्हणजे उंबऱ्याखाली ठेवलेली किल्ली. लांबी हेच पासवर्डाचे खरे बळ. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द, जसे विहीर, पतंग, गूळ, मंगळवार, एकत्र गुंफले तर ते लक्षातही राहतात व ओळखणेही कठीण जाते. (छापलेला हा नमुना अर्थात कोणी वापरू नये.) दर महिन्यास पासवर्ड बदलण्याची जुनी शिकवण आता मागे पडली आहे, त्याने लोक सोपे पासवर्ड ठेवू लागतात. प्रत्येक ठिकाणी निराळा पासवर्ड ठेवणे अधिक महत्त्वाचे. निदान ईमेल व बँक यांचे तरी स्वतंत्र असावेत, कारण ईमेल ज्याच्या हाती, त्यास इतर खात्यांचे पासवर्ड बदलून घेता येतात. ते वहीत लिहून कपाटात ठेवले तरी हरकत नाही. मोबाइलमध्ये छायाचित्र काढून ठेवणे मात्र धोक्याचे. व्हॉट्सॲप व ईमेल यांची दुपदरी पडताळणी चालू करावी.

मोबाइलच्या पडद्यास कुलूप असावे व बंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसू नये अशी योजना करावी. नाहीतर कुलूप असूनही ओटीपी वाचता येतो. घरात जुना मोबाइल असेल तर खेळांसाठी मुलांना तो द्यावा आणि बँकेचे ॲप असलेला मोबाइल निराळा राखावा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी कळ दाबल्यास मोबाइलचा पंधरा आकडी क्रमांक दिसतो. तो लिहून ठेवावा. मोबाइल हरविल्यास ‘संचार साथी’ या शासकीय संकेतस्थळावर त्या क्रमांकाने तो निकामी करता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हेही तेथे पाहता येते, व ते एकदा अवश्य पाहावे.

घरचा संगणक

मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना संगणक अनेक घरी असतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवाने जगभरातील लक्षावधी संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच मोफत दिली होती. जेथे ती बसविली होती तेथे त्यास त्या छिद्रातून शिरता आले नाही. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, अशाच दुसऱ्या उपद्रवाने न्हावा-शेवा येथील बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळित झाले. ‘अपडेट’ची सूचना पुढे ढकलीत राहणे म्हणजे कुंपणाचे छिद्र दिसत असून उद्यावर टाकणे होय. विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० ची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. असा संगणक अभ्यासास वापरावा, परंतु त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

महत्त्वाचे कागद व फोटो यांची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. जोडलेलीच राहिली, तर मूळ प्रतीबरोबर तीही नष्ट होते. वायफाय यंत्राचा मूळ पासवर्ड बसविणाऱ्याकडून त्याच दिवशी बदलून घ्यावा.

चोरी झाल्यास

येथे मिनिटांना महत्त्व आहे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात फिरविली जाते व मग काढून घेतली जाते. ती वाटेत असतानाच अडविली तर वाचते. यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फोन करताना खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ व बँकेच्या संदेशातील व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावरही नोंदविता येते. फोन लागत नसल्यास वाट पाहत न बसता संकेतस्थळावर नोंद करावी व जवळचे पोलीस ठाणे गाठावे. बनावट संदेश पुसून टाकू नयेत. तेच पुरावे असतात.

बँकेस त्याच वेळी कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, व त्याच वर्षी सहकारी बँकांसाठीही, यासंबंधी तत्त्वे घालून दिली. ग्राहकाची व बँकेची चूक नसता तिसऱ्याच ठिकाणच्या दोषामुळे पैसे गेले व ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर नुकसान पडू नये असे त्यात म्हटले होते. ग्राहकाने स्वतःच पिन वा ओटीपी दिला असेल, तर कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतर झालेले बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लाजेपोटी गप्प बसण्यात नुकसानच वाढते. सध्याच्या अटी शाखेत लेखी विचारून घ्याव्यात.

पुष्कळ लोक, विशेषतः घरातील स्त्रिया व तरुण मुले, बोलणी बसतील या भयाने रात्र तशीच काढतात आणि त्या रात्रीत उरलेली रक्कमही जाते. घरातील कर्त्या माणसाने अगोदरच सांगून ठेवावे, की असे काही घडल्यास प्रथम १९३० ला फोन करावा, विचारपूस मागाहून होईल. कार्यकर्त्याने हा क्रमांक ग्रामपंचायत, सोसायटी, दूध संकलन केंद्र व शाळा येथे मोठ्या अक्षरांत लावावा.

एकदा फसलेल्या माणसाकडे काही दिवसांनी दुसरा फोन येतो. गेलेले पैसे मिळाले आहेत, ते सोडविण्यासाठी थोडी फी भरा, असे सांगितले जाते. हा बहुधा पहिल्याच टोळीचा माणूस असतो. १९३० वरील तक्रारीसाठी कोणतीही फी पडत नाही, आणि तिची प्रगती तक्रार क्रमांकावरून संकेतस्थळावर अथवा पोलीस ठाण्यात पाहता येते.